बिनगावाचा ई

मिरकरवाडा बंदरापासून हाकेच्या अंतरावर किनारा मच्छीमार सहकारी संघाची दुमजली इमारत होती. खाली बर्फाचा कारखाना आणि वर कॉम्प्युटर. अख्ख्या इमारतीत गार अशा या दोनच जागा. ज्या माशाला भाव होता तो खाली ठेवत आणि ज्या माणसाला भाव होता तो वर बसे.

विलास डुबल वर बसायचा, पण भावामुळे नव्हे, नेमणुकीमुळे. पुण्याच्या तंत्रवर्धन कॉम्प्युटर्स या कंपनीने सत्त्याऐंशी सालच्या नारळी पौर्णिमेला संघाला यंत्र विकलं, तेव्हा सोबत तीन वर्षं एक माणूस द्यायचं कबूल केलं होतं. मालाच्या चलनावर यंत्र एक, टर्मिनल चार, प्रिंटर एक, आणि शेवटच्या ओळीत 'इंजिनिअर, एक नग' असं टाइप केलेलं होतं. सही करताना डुबलने ते वाचलं आणि चूक काढण्यासारखं त्याला त्यात काही सापडलं नाही. नग एकच होता.

मूळचा कऱ्हाडचा, वय अडतिसाच्या आसपास. लग्न राहून गेलं होतं, एखादी एसटी चुकते तसं. पहिली चुकली तेव्हा मागून दुसरी येतेच आहे म्हणाला, आणि मग स्टँडवरचे दिवेच गेले. आई गेल्यावर भावांनी घर वाटून घेतलं. त्यात डुबलच्या वाट्याला माळा आला. माळ्यावर भावांचंच सामान होतं, त्यामुळे ताबा घ्यायला जावं असं काही कारण उरलं नव्हतं.

रत्नागिरीत तो आनंदीबाई शिवलकरांच्या खानावळीत जेवायचा. आनंदीबाईंची एक पद्धत होती. नवा माणूस पानावर बसला की भात वाढता वाढता त्याचं मूळ शोधायचं. तुम्ही कोणाचे, तुमचे वडील कोणाचे, आई कुठली, तिचं माहेर कोणाकडे, असं मागे मागे जात कुठेतरी त्यांच्या ओळखीचं घर लागायचं, आणि ते लागलं की मग आमटीला चव यायची. गुहागरचा विमा एजंट तिसऱ्या प्रश्नात त्यांच्या नणंदेच्या नवऱ्याचा भाचा निघाला होता. दापोलीच्या शेतकी कॉलेजातला एक मास्तर तर हात धुवायच्या आत जावईच झाला असता.

"डुबल मंजे कुठले ओ?"

"कऱ्हाडचे."

"कऱ्हाडात कोणाचे?"

"तिथे आता तसं कोणी नाही."

"आई?"

"गेली."

"भाऊ?"

"आहेत. वेगळे राहतात."

"मग शिमग्याला जाता कुठे?"

"कुठे नाही जात."

आनंदीबाईंनी पळी हातात तशीच धरून थोडा विचार केला आणि त्याच्या पानात आणखी एक बांगडा टाकला. चौकशी संपल्याची ती खूण होती. मूळ लागलं नव्हतं.

यंत्र चांगलं होतं. फक्त पडायचं. 'पडलं' हा कंपनीतला शब्द. पहिल्यांदा डुबल तसं ओरडला तेव्हा संघाचा शिपाई शिवा उचलायला म्हणून खालून बर्फ ओढणारे दोन गडी घेऊन आला होता. गड्यांनी यंत्राकडे पाहिलं, यंत्र जागच्या जागी होतं. ते परत गेले. वर बसणाऱ्या माणसांबद्दल त्यांचं जे मत होतं ते पक्कं झालं असावं.

पडलं म्हणजे असं, की चारही टर्मिनल, म्हणजे यंत्राला जोडलेले कळफलकासकटचे पडदे, जागच्या जागी गोठायचे आणि डुबलच्या टेबलावरच्या मुख्य पडद्यावर 'पॅनिक' एवढा एक शब्द उमटायचा. त्याच्याखाली आकड्यांची एक उभी रांग. मग सगळं गप्प. घाबरलेला माणूस निदान काय दिसलं ते सांगतो. हे यंत्र फक्त पत्ते सांगायचं.

त्या रांगेला कंपनीत स्टॅक ट्रेस म्हणत. डुबल मनातल्या मनात तिला उतरंड म्हणायचा, कारण स्वयंपाकघरातल्या मडक्यांच्या उतरंडीसारखीच ती होती. यंत्राच्या पोटात शेकडो लहान लहान कामकरी असतात. एक दुसऱ्याला काम सांगतो, दुसरा तिसऱ्याला, आणि काम झालं की परत कुठे जायचं तो पत्ता प्रत्येक जण खाली ठेवून त्यावर आपलं मडकं चढवतो. यंत्र पडलं की ही उतरंड जशीच्या तशी पडद्यावर येते. सगळ्यात वर तो, ज्याच्या हातात असताना पडलं. त्याच्याखाली त्याला पाठवणारा. त्याच्याखाली त्याला पाठवणारा. थोडक्यात आनंदीबाईंचीच पद्धत, फक्त भाताशिवाय.

आता आकड्यावरून कामकऱ्याचं नाव कळायला नावांची यादी लागते. ती यादी पुण्याला होती. आपल्या यंत्राच्या पोटात कोण कोण राहतं हे गुपित आहे, असं कंपनीचं धोरण होतं, म्हणून गावोगाव पाठवलेल्या यंत्रांतून नावं पुसून टाकलेली असत. म्हणजे डॉक्टरला रोग्याच्या उशाशी बसवायचं आणि अवयवांची नावं मुख्य कार्यालयात कुलपात ठेवायची. यंत्र पडलं की डुबलने आकडे कागदावर उतरवायचे, पुण्याला अर्जंट ट्रंक कॉल लावायचा, आणि मुख्य कार्यालयाच्या तळघरात बसलेल्या गोगट्यांना ते वाचून दाखवायचे. गोगटे यादीत बघून नावं सांगत.

"रत्नागिरी, पुणे लागलं. बोला."

"गोगटे."

"डुबल. पडलं."

"कधी?"

"जेवणाच्या सुट्टीत."

"वाचा. सावकाश वाचा, इथे कोणाला घाई नाही."

यंत्राचा हिशेब आपल्यासारखा नव्हता. नऊच्या पुढे ए पासून एफ पर्यंत सहा अक्षरंही तिथे आकडेच धरतात. घाट ओलांडून जाणाऱ्या तारेतून बी, डी आणि ई एकाच आईची लेकरं वाटत. पहिल्याच आठवड्यात गोगट्यांनी त्यावर इलाज काढला. प्रत्येक अक्षराला कोकणातलं एक गाव द्यायचं. अलिबागचा ए, बाणकोटचा बी, चिपळूणचा सी, दापोलीचा डी, फोंड्याचा एफ. गुहागरला या यंत्रात जागा नव्हती, कारण अक्षरं एफलाच संपत. ई मात्र अडला. इंग्रजी स्पेलिंगात ई ने सुरू होणारं गाव कोकणात काही केल्या मिळेना.

"राहू दे," गोगटे म्हणाले. "ई बिनगावाचा."

तेव्हापासून डुबल वाचायचा, "शून्य, शून्य, चार, दापोलीचा डी, दोन, बिनगावाचा ई." आणि दर वेळी त्याला ते वाचताना थोडं घरच्यासारखं वाटायचं.

आकडे संपले, नावं सांगून झाली, की तारेवर थोडी जागा उरायची. ट्रंक ऑपरेटर मध्येच विचारायची, "तीन मिनिटं झाली, वाढवू?" कंपनीचा कॉल, त्यामुळे वाढवा म्हणायला दोघांचंही काही जात नव्हतं.

"आज काय जेवलात?" गोगटे विचारत.

"बांगडा. तुम्ही?"

"डबा."

"डब्यात काय?"

"अजून उघडला नाही. कळवतो पुढच्या वेळी."

आणि पुढच्या वेळी, उतरंड वाचून झाल्यावर, गोगटे खरंच सांगत. दोडका होता. सबंध हंगामात या दोघांना एकमेकांबद्दल जे काही कळलं ते या वाढवलेल्या मिनिटांतच. गोगट्यांचा आवाज साठीला टेकलेला होता. ते कोकणातले असूनही त्यांनी कोकण पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या तळघराला खिडकी होती, पण तिच्यातून पाय दिसत, माणसं नाही. भेट झालेली नव्हती. पण डुबलशी अख्ख्या दिवसात एवढं बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. यंत्र पडलं की संघातल्या माणसांचे चेहरे उतरत आणि डुबल फोनकडे जाताना, कोणी नीट पाहिलं असतं तर, शर्टाची कॉलर सरळ करायचा.

गोगटे दर वेळी उतरंडीच्या तळाशी जे नाव असेल त्याच्यावर ठपका ठेवत. सुरुवात त्याने केली, तर दोष त्याचाच, असा सरळ न्याय. पहिल्यांदा तळाशी छपाईचा कामकरी निघाला. गोगट्यांनी त्याची दुरुस्ती टेपवर भरून एसटीच्या पार्सलने पाठवली. पुढच्या वेळी तळाशी डिस्क वाचणारा निघाला. त्याचीही टेप आली. मग घड्याळ सांभाळणारा. दिवाळी गेली, मार्गशीर्ष गेला, टेपा येत राहिल्या आणि यंत्र पडत राहिलं.

यात सगळ्यात जास्त हाल मैना भाटकरचे होत. मैना भाट्याची, टायपिंगच्या दोन परीक्षा पास, वडील बोटीवर खलाशी. संघाने तिला तात्पुरती म्हणून घेतली होती. बोटींना दिलेल्या डिझेलच्या आणि बर्फाच्या चिठ्ठ्या ती दिवसभर टर्मिनलवर मारायची. दुपारी सगळ्या बोटींचा मोठा रिपोर्ट छपाईला लावायची आणि जेवायला उठायची. यंत्र पडलं की सकाळपासून मारलेल्या चिठ्ठ्या जात. मग दिवेलागणीपर्यंत थांबून ती त्या पुन्हा मारायची.

"डुबलसाहेब, तुमच्या मशीनला आमच्या गावातली हवा मानवत नाय बगा," ती म्हणायची आणि शिवाने आणलेल्या चहातला अर्धा त्याच्या कपात ओतायची.

मग शिमगा आला. संघाला सुट्टी लागली. शिवा संगमेश्वराकडे गेला, मैना भाट्याला, आनंदीबाई माहेरच्या पालखीला. जाताना त्यांनी डुबलच्या हातात केळीच्या पानात बांधलेल्या पुरणपोळ्या दिल्या आणि, "दोन दिवस निघतील," असं म्हणाल्या. शहरातल्या प्रत्येकाला कुठलं तरी गाव होतं आणि त्या गावाला त्याची वाट बघणारी एक पालखी होती. डुबल ऑफिसात गेला. तिथे निदान एअरकंडिशनर होता.

करायला काही नव्हतं म्हणून त्याने फायलीतले सगळे जुने ट्रेस काढून टेबलावर शेजारी शेजारी मांडले. गोगट्यांनी सांगितलेली नावं फोनवरच राहिली होती, कागदावर नुसते आकडे. तळाचे आकडे दर कागदावर वेगळे होते. गोगट्यांनी एकेकाला पकडून शिक्षा केली होती, हे त्याला माहीत होतं. मग त्याची नजर वर गेली. प्रत्येक कागदावर 'पॅनिक'च्या लगेच खाली तेच तीन आकडे होते. तळ कोणताही असो, वरचे तिघे तेच.

डुबलने पुरणपोळी बाजूला ठेवली.

तळाच्याने वरच्या तिघांना पाठवलेलंच नव्हतं. आनंदीबाई तव्यावर बांगडा भाजत असाव्यात, तेवढ्यात दाराची कडी वाजावी, त्यांनी बांगडा तसाच टाकून दाराकडे जावं आणि उंबऱ्यावर कशाला तरी अडखळून पडावं. पडल्या तेव्हा हातात काय काम होतं असं विचारलं तर बांगडा हेच उत्तर येईल. पण त्यात बांगड्याचा काय दोष? कडी कोणी वाजवली ते बघायला हवं. वरचे तिघे कडी वाजली की धावणारे होते. आणि कडी वाजवणारे बाहेरचे म्हणजे टर्मिनल.

जेवणाच्या सुट्टीत टर्मिनलवर कोणी नसतं. मग डुबलला मैनाची सवय आठवली. रिपोर्ट लावून उठताना ती टर्मिनलचं मागचं बटण बंद करायची. समोर माणूस नाही आणि काचेत दिवा जळतोय हे तिला बघवत नसे. पुण्यात या यंत्राची महिनोन्‌महिने चाचणी झाली होती, पण तिथे कोणी टर्मिनल बंद करून जेवायला गेलं नव्हतं. वीज कंपनीची होती.

त्याने स्वतः मैनाच्या खुर्चीवर बसून मोठा रिपोर्ट लावला. पडद्यावर एकेका बोटीचं नाव सरकू लागलं तसं बटण बंद केलं. काही झालं नाही. पुन्हा केलं, तरी नाही. मग आणखी एकदा केलं आणि पाठीमागे 'पॅनिक' आलं. वर तेच तिघे.

गोष्ट साधी होती. पाहुणा पानावरून उठून गेला, यजमानाने पाट उचलला, आणि आतून निघालेला वाढपी हातातला भात घेऊन पाटाच्या जागी आला. भात, म्हणजे टर्मिनलकडे निघालेलं बोटीचं नाव, आधीच पोचला असला तर ठीक. नेमका वाटेत असला की वाढपी तोंडावर पडायचा. इलाजही साधा होता. मैनाला, "बाई, बटण बंद करू नका," एवढं एक वाक्य सांगायचं, की यंत्र पुन्हा पडणार नव्हतं.

डुबल खुर्चीवर बसून राहिला. बाहेर लांब कुठे तरी ढोल वाजत होते. त्याच्या लक्षात आलं की आनंदाने फोनकडे धावायची आपल्याला इच्छा होत नाहीये. यंत्र पडलं नाही की ट्रंक कॉल नाही. कंपनीत अर्जंट कॉलला कारण लागतं, आणि दोडका हे कारण धरत नाहीत.

सुट्टी संपली. मैना आली, तिने भाट्याहून आणलेले पोहे त्याला दिले, चिठ्ठ्या मारल्या, रिपोर्ट लावला आणि बटण बंद करून जेवायला गेली. डुबल काही बोलला नाही. पूर्ण खात्री झाल्याशिवाय बोलू नये, हे शास्त्र आहे, असं त्याने स्वतःला सांगितलं. शास्त्राचा असा उपयोग अनेक शिकलेली माणसं करतात. खात्री व्हावी म्हणून त्याने चैत्र घालवला, मग वैशाखही. यंत्र अधूनमधून पडलं. कॉल झाले. गोगट्यांच्या डब्यात एकदा फणसाची भाजी आली आणि त्यावर दोघे बराच वेळ बोलले.

मे महिन्यात संघाच्या अध्यक्षांनी, गंगारामशेठ पावसकरांनी, डुबलला आपल्या केबिनमध्ये बोलावलं. गंगारामशेठना यंत्रातलं काही कळत नसे, आणि ते तसं कबूल करत नसत. त्यांच्या चार बोटी होत्या आणि हंगाम बंद व्हायच्या आत त्यांना सगळा हिशेब हवा होता.

"साहेब, मी बारकाईने बगितलंय," गंगारामशेठ म्हणाले. "तुमचं मशीन पडतं ते नेमकं ती पोरगी उठून गेल्यावर. दुसऱ्या कोणाच्या वेळी पडतं का?"

"नाही."

"मग? हाताला गुण नाय तिच्या. काही माणसं असतात तशी. आमच्या बोटीवर एक तांडेल होता, तो जाळ्याला हात लावील त्या दिवशी मासळी नाय. चांगला माणूस, पण काय करणार. किनाऱ्यावर बसवला त्याला."

"शेठ, त्याचा काही संबंध नाही."

"नाय तर कशाचा आहे, सांगा."

डुबलने दाराकडे पाहिलं.

"बगा, तुम्हांलाही ठाऊक नाय," गंगारामशेठ समाधानाने म्हणाले. "येत्या मीटिंगला तिचं कायम करायचं होतं. आता नको. आमच्या बहिणीचा काशी आहे, बारावी झालाय, तो बसेल. पोरगी गरीब आहे, समजून घेईल."

बाहेर मैना चिठ्ठ्या मारत होती. तिला अर्थात सगळं कळलेलं होतं. केबिनचं पार्टिशन प्लायवूडचं होतं. तिने मान वर केली नाही. फक्त त्या दिवशी दुपारी उठताना तिने टर्मिनलचं बटण बंद केलं, मग पदराने काच पुसली, आणि घटकाभर तिथेच उभी राहिली.

डुबलने अर्जंट कॉल लावला. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं ते सुचलं नाही म्हणून 'पडले' असंच लिहिलं.

"गोगटे."

"डुबल."

"काय पडलं? वाचा."

"आज वाचायचं नाही. ऐका." आणि त्याने सगळं सांगितलं. वरचे तिघे, बटण, पाट, वाढपी, सगळं. एरवी एक आकडा ऐकला तरी पुन्हा विचारून खात्री करणारे गोगटे मध्ये एकदाही बोलले नाहीत. कागद उलटल्याचाही आवाज आला नाही. सांगून झाल्यावर डुबल थांबला, आणि त्या शांततेत त्याला एकदम कळलं.

"तुम्ही काहीच विचारलं नाहीत."

"काय विचारायचं?"

"तुम्हांला ठाऊक होतं."

तारेतून घाटातल्या वाऱ्यासारखा आवाज येत होता.

"दिवाळीपासून," गोगटे म्हणाले. "आणि तुम्हांला?"

"शिमग्यापासून."

"तीन मिनिटं झाली, वाढवू?" ऑपरेटरने विचारलं.

"वाढवा," दोघेही म्हणाले.

वाढवलेल्या मिनिटांत आधी गोगटेच बोलले. "मी रविवारीसुद्धा इथे येतो, डुबल. काम आहे असं घरी सांगून येतो."

"घरी कोण असतं?"

"कोणी नाही. पण सांगून निघायची सवय आहे." ते खाकरले. "आपलं गिऱ्हाईक थोडंसं खोळंबतं, एवढंच वाटायचं मला. तुमच्या तिकडे कोणाचं काही जातंय असं तुम्ही कधी बोलला नाहीत."

"एका बाईची नोकरी जातेय."

यावर गोगट्यांनी लगेच उत्तर दिलं, जणू ते कित्येक महिने तयार होतं. "टेप झालेली आहे. कपाटात आहे. उद्या सकाळच्या एसटीत टाकतो. त्यांना म्हणावं, बटण खुशाल बंद करा." आणि फोन ठेवायच्या आधी, "आता चालेल यंत्र," असं म्हणाले, पण आवाज चांगली बातमी सांगतानाचा नव्हता.

मीटिंगला डुबल स्वतःहून उभा राहिला. दोष यंत्राचा होता, कंपनीचा होता, कोणाच्या हाताचा नव्हता, असं त्याने सांगितलं. गोगट्यांचं नाव घेतलं नाही.

"तुम्हांला कधी कळलं हे?" गंगारामशेठनी विचारलं. काशीला ते शब्द देऊन बसले होते, त्यामुळे त्यांना कोणाला तरी पकडायचं होतं.

काल, असं म्हणता आलं असतं. मैना कोपऱ्यात मीटिंगचे कागद घेऊन उभी होती.

"शिमग्याला," डुबल म्हणाला.

खोलीत दोन-तीन खुर्च्या वाजल्या. कंपनीला कडक पत्र लिहायचं ठरलं आणि मैनाला कायम करायचंही ठरलं. दुसरा ठराव पहिल्यापेक्षा लवकर झाला, कारण पत्र इंग्रजीत लिहायचं होतं आणि ते डुबललाच लिहावं लागणार होतं. त्याने स्वतःविरुद्ध ते चांगलं लिहिलं. कंपनीने त्याची पगारवाढ रोखली आणि त्याला तिथेच ठेवलं. रत्नागिरीपेक्षा वेगळी शिक्षा त्यांना सुचली नसावी.

मैना त्याच्या टेबलाशी आली ती संध्याकाळी निघताना.

"मंजे चैत्रभर मी त्या चिठ्ठ्या दोनदोनदा मारल्या ना..."

"हो."

"तुम्हांला ठाऊक असून."

"हो."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त मान हलवली, एखाद्या चिठ्ठीवरचा आकडा ताडून पाहावा तशी. "आता बटण बंद केलं तर चालंल?"

"चालेल."

"बरं," ती म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी चहा आला तेव्हा तिने आपला कप आपणच संपवला.

टेप आली, डुबलने ती चढवली. पावसाळ्याला बोटी वर ओढल्या गेल्या, बंदर रिकामं झालं, मैना रजेवर गेली. एका दुपारी डुबलने मैनाच्या खुर्चीवर बसून सगळ्या बोटींचा मोठा रिपोर्ट लावला आणि बटण बंद केलं. प्रिंटर चालत राहिला. त्याने बटण चालू केलं, बंद केलं, चालू केलं, बंद केलं. यंत्राला काहीच वाटलं नाही. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या बोटींची नावं एकाखाली एक छापून होत होती, आणि शेवटच्या बोटीनंतर प्रिंटर थांबला. डुबलने कागद फाडून घेतला. तो कोणालाच नको होता.

त्या शनिवारी तो आपल्या छत्रीने आणि आपल्या पैशाने तारघरात गेला.

"पुणे. ऑर्डिनरी," तो काउंटरवर म्हणाला. "पी.पी. कॉल." म्हणजे ठरलेला माणूसच फोनवर आला तरच बोलायचं.

खिडकीतल्या बाईंचा आवाज त्याच्या ओळखीचा होता. चेहरा पहिल्यांदाच दिसत होता. "पार्टीचं नाव?"

"गोगटे."

"पूर्ण नाव सांगा. ऑफिसात दोन गोगटे असले तर?"

डुबल छत्रीचं पाणी निथळत उभा राहिला. एवढ्या उतरंडी वाचून दाखवल्या होत्या, दोडका, फणस, तळघराची खिडकी सगळं माहीत होतं. नाव माहीत नव्हतं. आनंदीबाईंनी पहिल्या भाताला काढून घेतलं असतं.

"तळघरातले गोगटे," तो म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि तसंच लिहून घेतलं. ऑर्डिनरी कॉलला वेळ लागतो. बाकावर एक म्हातारा मुंबईच्या मुलाचा कॉल लागायची वाट बघत झोपला होता. डुबल त्याच्या शेजारी बसला. हातात कागद नव्हता, हे त्याला सारखं जाणवत होतं.

"रत्नागिरी, पुणे लागलं. बोला."

"गोगटे."

"डुबल."

"काय पडलं?"

"काही नाही."

"मग?"

"सहज."

अर्जंट कॉलवर हा शब्द त्या दोघांपैकी कोणी कधी वापरला नव्हता. मग, "थांबा," असं गोगटे म्हणाले, आणि मोठा कागद उलगडल्याचा आवाज आला. यादी नव्हती ती. यादीची पानं वेगळी वाजत.

"ईला गाव सापडलं," गोगटे म्हणाले. "एडवण. ठाणे जिल्ह्यात, केळव्याच्या खाली. हल्ली वेळ असतो मला, तर नकाशा घेऊन वरून खाली येत होतो. कोकणातच धरायचं ना ते?"

"धरू."

"मलाही वाटलं धरावं."

"समुद्र आहे का तिथे?"

गोगट्यांनी बहुधा नकाशा दिव्याजवळ नेला असावा. "निळं आहे," ते म्हणाले. "अगदी गावापर्यंत निळं आहे."

मग दोघेही गप्प राहिले. खिडकीतल्या बाईंनी लाइन तुटली का ते पाहायला आपला फोन कानाला लावला. तुटली नव्हती. त्यांनी तो हळूच खाली ठेवला आणि तीन मिनिटं झाल्याचं सांगितलं नाही.